निषेधाने काय होतं असं विचारलंस म्हणून

तुझा मेसेज आणि कैद्यांबद्दलच्या पत्रकाचा ड्राफ्ट दोनदा वाचला गं. निषेधाची पत्रकं काढून कुठलं सरकार सुधारतं का, हा तुझा वैताग मला कळतो, पण एकदा दक्षिण आफ्रिकेचं प्रकरण सावकाश बघ.

१९४६ ला आपण अजून स्वतंत्रही नव्हतो, तरी तिथल्या भारतीयांच्या जमीन घेण्यावर निर्बंध घालणारा कायदा आला म्हणून व्यापार तोडला आणि विषय यूएनमध्ये नेला. तिथले पंतप्रधान स्मट्स म्हणत राहिले हा आमचा घरचा मामला आहे, पण ठराव ३२ विरुद्ध १५ ने पास झाला. आणि दोनच वर्षांत तिथे वर्णभेद उलट सरकारी धोरणच झालं! त्या वर्षी कोणी विचारलं असतं तर आपणही म्हटलं असतं, काही उपयोग नाही.

१९७४ ला टेनिसच्या डेव्हिस कपच्या फायनलला पोचून, समोर दक्षिण आफ्रिका म्हणून आपण खेळलो नाही, कप त्यांना गेला. अमृतराज बंधू ऐन भरात होते, पुढची फायनल त्यांना थेट १९८७ ला मिळाली, म्हणून सांगते, ज्या दबावात आपलं काहीच जात नाही तो समोरच्याला लगेच ओळखू येतो.

निर्बंधांनी काळ्या लोकांचेच हाल होतील असं तेव्हा मोठमोठे नेते सांगायचे. पण बहिष्काराची हाक १९५९ लाच तिथल्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे अध्यक्ष लुथुलींनी दिलेली, म्हणजे ज्यांचे हाल होणार त्यांनीच. तुझ्या ड्राफ्टमध्ये मला हेच सापडलं नाही, ज्यांच्यासाठी लिहितेस ती माणसं नक्की काय मागतायत?

आणि दक्षिण आफ्रिकेवर निर्बंध घालणारा १९८६ चा अमेरिकेचा कायदा मुळातून वाच, राष्ट्राध्यक्ष रेगनचा व्हेटो तिथल्या संसदेने उलटवला तो. त्यात निर्बंध कधी उठतील तेही लिहिलंय: मंडेला आणि राजकीय कैदी सोडा, आणीबाणी उठवा, पक्षांवरची बंदी काढा, असं एकेक. समोरच्याला बाहेर पडायचा रस्ता दिसला पाहिजे ना. फेब्रुवारी १९९० मध्ये मंडेला सुटले ते फक्त यामुळे असं मी म्हणणार नाही, आतला लढा होता, शीतयुद्ध संपत होतं, त्याआधी १९८५ ला परदेशी बँकांनी दक्षिण आफ्रिकेच्या कर्जाची मुदत वाढवून द्यायला नकार दिला होता, पण यातलं काहीच एकट्याने पुरलं नसतं.

तर आता 'तीव्र चिंता व्यक्त करतो' ते वाक्य काढ, तिथे कैद्यांची नावं आणि मागण्या लिही, त्यांच्या घरच्यांना विचारून, आणि शनिवारपर्यंत मला पाठव.