मोडलेलं शिंग आणि शेळीची कवटी : हाडांच्या त्रिमितीय चित्रांबद्दल वाचकांचे प्रश्न

औताला असताना आमच्या लाल कंधारी बैलाचं शिंग बुडापासून मोडलं. त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्त आलं. मेंदूला मार लागला का? सीटी स्कॅन करावा का? (शेतकरी, कंधार)

नाकातलं रक्त बहुतेक वेळा शिंगातूनच येतं. शिंगाची वरची खोळ केराटिनची, म्हणजे नखासारखी असते आणि आत कपाळाच्या हाडाचा सुळका असतो. वासरू साधारण सहा महिन्यांचं झालं की कपाळातली हवेची पोकळी या सुळक्यात शिरू लागते. ही पोकळी नाकाशी जोडलेली असते, त्यामुळे शिंग बुडातून मोडलं की रक्ताला खाली उतरायला वाट मिळते. वर्गात ही वाट मी वर्षानुवर्षं खडूनं काढली, पण मुलांना ती खरी उमगली ती मेलेल्या जनावराच्या कवटीचं सीटी चित्र पडद्यावर फिरवून, हाड हवं तिथं कापून दाखवल्यावर.

तुमच्या बैलाला मात्र स्कॅनची गरज दिसत नाही. त्यासाठी पूर्ण भूल द्यावी लागते आणि माणसांच्या यंत्राला एवढं वजन पेलत नाही. जखमेत राख, शेण, तेल काहीही भरू नका. ते थेट पोकळीत जाऊन पू होतो. स्वच्छ कापडानं झाका, माश्या बसू देऊ नका आणि आजच डॉक्टरांना बोलवा. तोल जात असेल किंवा बैल मान एकीकडे धरत असेल, तर तासभरही थांबू नका.

उस्मानाबादी शेळीच्या कवटीचं मॉडेल करायचंय. मोबाइल पुरेल का? (विद्यार्थिनी, उदगीर)

बाहेरचा आकार हवा असेल तर पुरेल. सावलीत, एकसारख्या उजेडात, कवटीभोवती फिरत ऐंशी-शंभर फोटो काढा. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निम्म्याहून जास्त भाग यायला हवा. मग कवटी उलटी करून पुन्हा तेच. शेजारी मोजपट्टी ठेवाच, कारण नुसत्या फोटोंवरून आकार कळतो, माप कळत नाही. दातांची मुळं, सायनस (हाडातल्या हवेच्या पोकळ्या), हाडाची जाडी पाहायची असेल तर सीटीला पर्याय नाही. सीटी हाडाची चित्रं पातळ कापांत घेतो; हे काप जाड घेतले तर मॉडेलवर पायऱ्या दिसतात. एक मिलिमीटर किंवा त्याहून बारीक मागा. कानातली हाडं त्यातही नीट दिसत नाहीत, त्यांना मायक्रो-सीटी, म्हणजे याहून कितीतरी बारीक तपशील टिपणारा सीटी लागतो. काप जुळवायला ‘थ्रीडी स्लायसर’ हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं.

थ्रीडी प्रिंट आल्यावर खरी हाडं टाकून द्यायची का? (प्राध्यापक, परभणी)

मुळीच नाही. प्लास्टिकच्या नळीच्या हाडाला खऱ्या हाडाचं वजन नसतं, आणि बोटांना जाणवणारी खरखरही नसते. उलट आपल्या देवणीची, लाल कंधारीची हाडं जपून ठेवा. पाठ्यपुस्तकांतली बहुतेक चित्रं परदेशी गायींची आहेत. त्यांना वशिंड नसतं, त्यामुळे पाठीच्या मणक्यांवरचे काटे आपल्या जनावरांसारखे नसतात. प्रत्येक हाडाला चिठ्ठी बांधा : जात, वय, नर की मादी, डावं की उजवं. चिठ्ठी नसलेलं हाड स्कॅन करायला माझ्याकडे आणू नका.