मेलमधलं ‘माइट’ आणि कोल्हापूरचा रोखठोकपणा

“दादा, सप्टेंबरात पीएचडीसाठी इंग्लंडला निघालोय. आयईएलटीएसला बँड चांगले आलेत, लेखनात अजून काय बघू?” असं विचारलंस. व्याकरणाची काळजी सोड. अडतं ते मऊ शब्दांपाशी.

आपल्याकडं पंगतीत रस्सा बिघडला तर “खारट झालाय” म्हणतात, वाढणारा हसतो, विषय संपतो. माझ्या तिथल्या पीएचडीच्या पहिल्या वर्षी गाईडनी मसुद्यावर लिहिलं, ‘यू माइट वॉन्ट टू हॅव अनदर लुक ॲट सेक्शन टू.’ मी समजलो, वाटलं तर बघ. मला तो भाग बरा वाटत होता, म्हणून हातच लावला नाही. त्यांनी तो नव्यानं लिहायला सांगितला होता, हे कळेपर्यंत दोन महिने गेले. अजून त्याची रुखरुख आहे.

ब्रिटिश माणसाचं ‘क्वाइट गुड’ म्हणजे बहुधा ‘ठीक आहे’. अमेरिकन तेच ‘छान’ या अर्थानं लिहितो. ‘नॉट बॅड’ मात्र खरी शाबासकी. ‘विथ रिस्पेक्ट’ दिसलं की पुढं विरोध येणार. आणि ‘अ बिट’ला कधीही हलकं समजू नकोस. एप्रिल १९५१ मध्ये कोरियन युद्धात इमजिन नदीवर चिनी फौजांशी लढताना ब्रिटिश ब्रिगेडियर टॉम ब्रॉडींनी अमेरिकन वरिष्ठांना परिस्थिती ‘अ बिट स्टिकी’, म्हणजे जरा अवघड, असल्याचं कळवलं. म्हणायचं होतं, आम्ही पुरते अडकलोय. ऐकणाऱ्याला वाटलं, निभावतील. त्यांच्या ग्लॉस्टर्स पलटणीचे शेकडो जवान चिन्यांच्या कैदेत गेले.

शोधनिबंधात मात्र हा मऊपणा शिष्टाचारापुरता नसतो, तिथं तो मोजमाप असतो. पंचगंगेच्या पाण्याचे एकाच पावसाळ्यातले नमुने तपासलेस तर ‘प्रूव्ह’ लिहू नकोस, ‘सजेस्ट’ लिही. दुसऱ्या वर्षीही तेच आकडे आले तर ‘शो’कडं सरक. पण एका वाक्यात ‘मे’, ‘परहॅप्स’, ‘पॉसिबली’ तिन्ही नकोत, एक पुरे. वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३ च्या डीएनएवरच्या लेखात आनुवंशिक द्रव्याची नक्कल कशी होत असावी, एवढी मोठी गोष्ट ‘इट हॅज नॉट इस्केप्ड अवर नोटिस’ (आमच्या नजरेतून सुटलेलं नाही) असं म्हणून एका वाक्यात मांडली. तो लेख पानभराहून थोडाच मोठा आहे, जायच्या आधी वाच.

आणि मेलचा अर्थ लागला नाही तर अंदाज बांधत बसू नकोस. ‘शुड आय रीराइट सेक्शन टू बिफोर वी मीट?’ एवढंच विचार. मला तरी अशा प्रश्नाला नेहमी सरळ ‘येस, प्लीज’ असंच उत्तर आलंय.