मोटर शेवटी, वजन आधी

रिमोटवर उडणाऱ्या पहिल्या मॉडेल विमानाला मोटर कुठली घेऊ, हे तू आधी विचारलंस, पण ते शेवटी ठरतं. आधी बॅटरीसकट विमानाचं वजन ठरव. पहिल्या विमानाचा पंख धडाच्या वर, टोकं किंचित उचललेली, लांबी मीटरभर आणि वजन ८०० ग्रॅमच्या आत ठेव. किलोला २०० वॅट धरले तरी शिकायला भरपूर. म्हणजे १६० वॅट, तीन सेलच्या ११.१ व्होल्ट बॅटरीतून साधारण १५ अँपिअर. २२१२ आकाराची (आतला गाभा २२ मिमी रुंद, १२ मिमी उंच), १००० केव्हीची (म्हणजे भार नसताना व्होल्टमागे मिनिटाला १००० फेरे) मोटर एवढं आरामात देते. ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा नियंत्रक) मात्र ३० अँपिअरचा घे, काठावरचा नको.

खरा वेळ गुरुत्वमध्यावर घालव. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर, खालून बोटं टेकवून विमान तोल धरतंय का बघ. शेपूट खाली जात असेल तर उडवूच नकोस. तोलासाठी नाकात शिसं चिकटवण्याआधी बॅटरी पुढे सरकव. त्यासाठीच तिची जागा लांबट ठेवायची असते. (फोमशीट कापायच्या घाईत हे हमखास विसरलं जातं.)

घरात सर्व्हो (पंख-शेपटीचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटर) तपासताना प्रॉपेलर काढूनच ठेव, यात सवलत नाही. आणि पूर्ण चार्ज केलेली लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी आठवडाभर कपाटात टाकू नकोस, सेलमागे ३.८ व्होल्टवर आणून ठेव.