हळद वायद्याच्या (पुढच्या तारखेच्या सौद्यांच्या) चार्टवर तेजी कशी ओळखायची आणि खरेदी कधी करायची?

आधी आठवड्याचा चार्ट उघडा, पाच मिनिटांचा नको. प्रत्येक नवा उच्चांक आणि तळ मागच्यापेक्षा वर असेल तर तेजी. समजा, क्विंटलचा भाव 14,000 रुपयांवरून 15,000 ला गेला, 14,500 पर्यंत उतरून पुन्हा 15,600 झाला. आता त्याच्यामागे धावू नका. परत 15,000 च्या आसपास येऊ द्या. तिथे टिकून दिवसाची कँडल (दिवसभराचा भाव दाखवणारी चार्टवरची पट्टी) हिरवी, म्हणजे सुरुवातीच्या भावापेक्षा वर, बंद झाली, की घ्या. स्टॉपलॉस (तोटा थांबवायला विकून बाहेर पडायची पातळी) 14,500 च्या खाली, तोही ऑर्डर टाकतानाच. भावाबरोबर ओपन इंटरेस्ट (अजून न मिटलेल्या वायदे सौद्यांची संख्या) वाढतोय का, हेही पाहा. बरेच जण पाहतच नाहीत. आपल्या सांगलीत फेब्रुवारी-मार्चपासून नव्या हळदीची आवक वाढते. त्या दिवसांत चार्ट कितीही देखणा दिसला तरी मार्केट यार्डातले सौदे कसे निघतायत ते आधी विचारा.