उद्या स्टँडअपमध्ये काय सांगू?

"मॅडम, रविवारी संध्याकाळपासूनच पोटात गोळा येतो. सोमवारी स्टँडअपमध्ये काय सांगू?"

नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या माझ्या समुपदेशन केंद्रात हे वाक्य हल्ली वरचेवर कानावर पडतं. स्टँडअप म्हणजे सॉफ्टवेअर टीमची रोजची छोटी बैठक. कुणी पुण्यातल्या कंपनीचं काम नाशिकमधून घरूनच करतं, कुणी इथल्याच छोट्या कंपनीत असतं. माणसं वेगळी, धास्ती तीच. म्हणून त्यातल्या एकाबद्दल त्याच्या परवानगीने लिहिते आहे. नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत. त्याला समीर म्हणू.

ज्यांच्या घरात सॉफ्टवेअरमधलं कुणी नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. पूर्वी सगळं आधी ठरवायचं, कागदावर मंजूर करून घ्यायचं आणि कित्येक महिन्यांनी ग्राहकाला एकदम दाखवायचं, अशी पद्धत सर्रास होती. तोवर ग्राहकाची गरजच बदललेली असे. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेत युटा राज्यातल्या स्नोबर्ड इथे १७ जण जमले आणि त्यांनी अजाइलचा, म्हणजे थोडं थोडं काम करून ग्राहकाला दाखवत पुढे जाण्याच्या विचाराचा, छोटासा जाहीरनामा लिहिला. त्यातलं पहिलंच मूल्य मला फार आवडतं: ठरलेल्या प्रक्रिया आणि साधनांपेक्षा माणसं आणि त्यांचं आपसातलं बोलणं जास्त मोलाचं. याच विचाराची सगळ्यात जास्त चालणारी पद्धत म्हणजे स्क्रम. काम लहान टप्प्यांत करायचं. टप्प्याला स्प्रिंट म्हणतात, तो जास्तीत जास्त महिन्याचा, बहुतेक ठिकाणी दोन आठवड्यांचा. रोज १५ मिनिटं टीमने एकत्र बोलायचं, ते स्टँडअप. स्प्रिंटच्या शेवटी केलेलं काम दाखवायचं आणि आपण काम कसं केलं यावरही बोलायचं, त्याला रेट्रो म्हणतात.

समीर सत्तावीस वर्षांचा. आधी पुण्यात मोठ्या कंपनीत होता, तिथे एक मॉड्यूल हातात आलं की महिनोन् महिने कुणी विचारत नसे. नव्या नोकरीत रोज सकाळी दहाला कॅमेरा चालू. आदल्या रात्री तो उद्याचं वाक्य पाठ करत बसायचा. पेमेंट गेटवेचं, म्हणजे ऑनलाइन पैसे भरण्याच्या सोयीचं काम चार दिवस अडलं होतं आणि हा रोज सांगत होता, "ऑलमोस्ट डन." ती स्टोरी (ठरवून घेतलेल्या कामाच्या एका तुकड्याला स्टोरी म्हणतात) पुढच्या स्प्रिंटमध्ये ढकलली गेली. मग एक-दोनदा नेट गेल्याचं कारण देऊन त्याने स्टँडअपच चुकवलं.

"बोलताना स्क्रीनवर कुणाकडे बघतोस?" मी विचारलं.

"मॅनेजरकडे. त्यांचा चेहरा कसा होतो ते बघतो."

"आणि काय ठरतं त्या चेहऱ्यावरून?"

"मी या नोकरीच्या लायकीचा आहे की नाही ते."

त्याचे वडील नाशिक रोडच्या नोटा छापणाऱ्या प्रेसमधून निवृत्त झालेले. आयुष्यभर मोजून घेतलं, मोजून दिलं. नोटांच्या कामात ते तसंच हवं. पण घरात तीच सवय मुरली होती. समीर काम संपवून खोलीबाहेर आला की वडील विचारायचे, "आज किती झालं?" आता सॉफ्टवेअरमध्ये एखादा पूर्ण दिवस तीन वाटा बंद आहेत हे कळण्यात जातो. तो दिवस वाया गेलेला नसतो, पण मोजून दाखवता येत नाही. समीर मात्र रोज सकाळी मोजून द्यायला उभा राहत होता.

अशा वेळी आधी श्वासाचे व्यायाम शिकवायचे, असं पुष्कळ जण मानतात. माझी वाट वेगळी आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली आणि कि. मो. फडके यांनी मराठी माणसांपर्यंत पोचवलेली विवेकनिष्ठ विचारसरणी मी मानते. माणसाला प्रसंग छळत नाही, प्रसंगाचा लावलेला अर्थ छळतो. त्या अर्थाला हात घालायचा तर प्रश्न नेमका लागतो. समीरच्या बाबतीत तो मला सापडला, आणि त्यानंतर मी तो अनेकांना विचारला आहे.

"तुझ्या आधी कोण बोलतं?"

"प्राची."

"काल ती काय म्हणाली?"

तो बराच वेळ गप्प राहिला. "आठवत नाही."

"परवा?"

"मॅडम, मी ऐकतच नाही. माझा नंबर येईपर्यंत माझं वाक्य मनात चालू असतं. माझं बोलून झालं की हायसं वाटतं, मग पुढचंही ऐकत नाही." थोडं थांबून तो म्हणाला, "म्हणजे पंधराही मिनिटं मी फक्त माझ्यापाशीच असतो."

त्या एका वाक्याशी मला सगळा गुंता सुटताना दिसला. समीरला बोलता येत नव्हतं असं नाही. भीतीने त्याचे कान बंद केले होते, आणि स्टँडअपची निम्म्याहून जास्त कमाई ऐकण्यात आहे. म्हणून बोलणं सुधारण्याचा गृहपाठ मी दिला नाही. सांगितलं, "आठवडाभर वहीत फक्त इतरांचं लिही. प्रत्येकाचं एक वाक्य."

पुढच्या भेटीत खुर्चीत बसण्याआधीच त्याने वही उघडली. "प्राची मंगळवारपासून सांगतेय की टेस्ट सर्व्हरचं सर्टिफिकेट संपलंय, तिचंही काम अडलंय. पेमेंट झाल्याचा गेटवेचा निरोप माझ्याकडे येत नव्हता, तो त्याच्यामुळेच!" दोघांनी मिळून तिकीट टाकलं होतं, म्हणजे अडचणीची रीतसर नोंद केली होती, आणि त्याच दुपारी काम मार्गी लागलं होतं.

मग बोलण्याचा सराव घेतला. मी मॅनेजर झाले. "काम चालू आहे" ऐवजी तो म्हणाला, "रिपोर्टची क्वेरी फार वेळ घेतेय. इंडेक्स लावून पाहिला, फरक नाही. आज दुपारपर्यंत बघतो, नाही सुटलं तर कुणीतरी अर्धा तास माझ्याबरोबर बसावं." 'बसावं'पाशी आवाज खाली गेला. पुन्हा म्हणायला लावलं. काय अडलंय, काय करून पाहिलं, कुठवर एकट्याने बघणार आणि मग काय हवंय, एवढं त्यात असलं की पुरे. मदत मागताना अनुभवाची वर्षं मध्ये आणू नयेत. अडकल्याचं पहिल्या दिवशी सांगितलं तर टीमचा अर्धा तास जातो, चौथ्या दिवशी सांगितलं तर स्प्रिंट जातो.

स्क्रमचे जनक केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांनी २०१० मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेली स्क्रमची मार्गदर्शिका मी माझ्या कामासाठी वाचली. अजाइल टीममध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाने ती वाचावी, अगदी थोडक्या पानांची आहे. रोजची ही बैठक काम करणाऱ्यांची आहे, स्प्रिंटचं उद्दिष्ट गाठायला आजचा दिवस कसा लावायचा हे त्यांनी आपसात ठरवण्यासाठी. काल काय केलं, आज काय करणार, अडथळा काय, हे तीन ठरावीक प्रश्नसुद्धा २०२० च्या आवृत्तीत काढून टाकले. स्प्रिंटमध्ये किती काम होईल याला आधी बांधिलकी म्हटलं जाई, २०११ पासून तिथे अंदाज आला. आणि स्टोरी पॉइंट हे कामाच्या आकाराचं माप आहे. 'तिचे तेरा, माझे आठ' अशी माणसांची तुलना त्यावरून करू नका, कुणी केली तर मनाला लावून घेऊ नका.

काही ठिकाणी मात्र मॅनेजर खरोखरच सगळ्यांदेखत झापतो. तिथे तुमच्या मनात दोष शोधू नका, आणि ते सोसायला शिकवणं हे समुपदेशकाचंही काम नाही. टीमला ही पद्धत नीट पाळायला मदत करणाऱ्या स्क्रम मास्टरशी एकट्याने बोला, तारीख आणि घडलेला प्रसंग सांगून. रेट्रोमध्ये आरोप न करता सुचवा, "स्टँडअपमध्ये आधी अडलेली कामं घेऊया का?" दोन-तीन स्प्रिंटनंतरही काही हललं नाही, तर टीम किंवा नोकरी बदलण्याचा विचार करणं यात पळपुटेपणा नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर स्टँडअपचं पुढे बघू. आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, आणि जगणं नकोसं वाटत असेल तर दोन आठवडेही थांबू नका, त्याच दिवशी घरातल्या कुणाला तरी बरोबर घेऊन जा.