स्वयंपाकघरातल्या कपाटांना बारीक चौकटीची शटर्स लावण्याचे तोटे काय?

तुम्ही लिहिलंय की खानापूरजवळ जांबोटी रस्त्याला घराचं काम चालू आहे, ओट्याखाली आणि वर अशा दोन्ही कपाटांना पाऊण इंच चौकटीची, रंगवलेली शटर्स, म्हणजे कडेनं पाऊण इंच (साधारण 20 मिमी) रुंद पट्टी उठून दिसणारी दारं करायची आहेत. फोटोत ती छान दिसतात, पण तोटे कोणी सांगत नाही. बेळगावात उद्यमबागेत आमचं शटर्स बनवायचं काम आहे आणि गेली काही वर्षं हीच मागणी सगळ्यात जास्त येते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी थोडक्यात: चौकट बारीक केली की बिजागरी, सांधा आणि रंग या तिघांची जागा कमी होते. दिसायला ती नाजूक असते तशी आतूनही नाजूक होऊ शकते. कशी बनवली यावर सगळं अवलंबून आहे, आणि दुकानात समोरून बघून ते कळत नाही. शटर उलटं करून मागची बाजू बघावी लागते.

सगळ्यात मोठा प्रश्न बिजागरीचा. आजकाल स्वयंपाकघरात जी कपाची बिजागरी लावतात, तिचा शटरच्या मागून गोल भोकात बसणारा कप 35 मिमी व्यासाचा असतो आणि तो शटरच्या कडेपासून 3 ते 6 मिमी सोडून बसवतात. म्हणजे कपाचं भोक कडेपासून जवळपास 40 मिमीपर्यंत आत जातं. नेहमीची अडीच इंची चौकट असेल तर ते पूर्ण चौकटीच्या भरीव लाकडात मावतं. तुमची चौकट 20 मिमीची. मग अर्धा कप चौकटीत आणि अर्धा मधल्या पॅनेलमध्ये. कपाचे दोन्ही स्क्रू तर कडेपासून साधारण 31 मिमीवर येतात, म्हणजे ते सरळ पॅनेलमध्येच. पाच तुकड्यांच्या शटरमध्ये, म्हणजे चार पट्ट्या आणि खाचेत बसवलेलं मधलं पॅनेल, हे पॅनेल बहुतेक वेळा 6 मिमीचं असतं. त्यात कप बसणारच नाही, स्क्रू तर सोडाच.

त्यावर बरेचजण 18 मिमी एमडीएफ (लाकडाच्या तंतूंची दाबून केलेली फळी) किंवा एचडीएचएमआर (तशीच, पण जास्त घट्ट आणि ओल सोसणारी) घेऊन सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कोरीव मशीनवर, मधला भाग 6 मिमी खोल उतरवतात. समोरून अगदी चौकटीसारखं दिसतं. पण उतरवल्यावर तिथं 12 मिमी उरतं, आणि कपाचं भोक साडेअकरा ते बारा मिमी खोल असतं. हिशेब तुम्हीच करा. रंगाखाली कागदाएवढा पापुद्रा राहतो आणि उन्हाच्या तिरिपेत बघितलं की पुढच्या बाजूला गोल फुगवटा दिसतो. नेहमीचा 16 मिमीचा स्क्रू मारला तर टोक समोर येतं, म्हणून कामगार छोटा स्क्रू मारतो, आणि रोज वीसदा उघडणारं शटर छोट्या स्क्रूवर काही वर्षांत सैल पडतं.

यातून वाट आहे. उतरवायचं ते 3-4 मिमीच उतरवायचं, किंवा कमी खोलीच्या कपाची बिजागरी घ्यायची, किंवा आम्ही जास्त वेळा करतो तसं पूर्ण 18 मिमीच्या फळीवर वरून 4 मिमीची पट्टी चौकटीसारखी चिकटवायची. मग बिजागरीला पूर्ण 18 मिमी मिळतात. शटरची जाडी 22 मिमी होते, त्यासाठी बिजागरीच्या माहितीपत्रकात जास्तीत जास्त जाडी किती चालते ते बघून घ्यावं लागतं आणि शेजारच्या शटरमधली फट थोडी वाढवावी लागते. कोपऱ्याच्या कपाटात हे आधी कागदावर काढा, नाहीतर एक शटर दुसऱ्याच्या मुठीला धडकतं.

सीएनसीवर उतरवलेल्या शटरचा आणखी एक त्रास आहे, तो फार कमी लोक सांगतात. एमडीएफच्या दोन्ही बाजूंचा वरचा थर घट्ट असतो आणि मधला भाग त्या मानाने भुसभुशीत. दोन्ही बाजूंचे घट्ट थर एकमेकांना तोलून धरतात म्हणून फळी सरळ राहते. एका बाजूचा थर काढला की तो तोल जातो आणि फळीला बाक येतो. 600 बाय 720 मिमीच्या शटरला 60 मिमी चौकट ठेवली तर समोरचा सुमारे 67 टक्के थर जातो. 20 मिमी चौकट ठेवली तर 88 टक्के. छोट्या शटरला हे जाणवत नाही. पण फ्रिजशेजारच्या उंच कपाटाचं सहा फुटी शटर असं केलं, तर ते खाली टेकतं तेव्हा वरून उघडं राहतं. उंच शटर बारीक चौकटीत करू नका असं मी सगळ्यांना सांगतो. अगदी करायचंच असेल तर मधे आडवी पट्टी घालून दोन तुकड्यांचं करा.

आता खऱ्या लाकडाचं. तुमच्याकडं सागवान मिळायला अडचण नाही, म्हणून मिस्त्री म्हणेल, "सागवानात करूया की, काय होत नाही." बेळगाव-शहापूरच्या जुन्या घरांतली कपाटं बघा. चौकटी अडीच-तीन इंची असतात, आणि ती काही फक्त आवड नव्हती. आडव्या पट्टीचं कुसू, म्हणजे टोकाची जीभ, उभ्या पट्टीत घुसतं, आणि ते कुसू जेवढं रुंद तेवढा सांधा शटरला काटकोनात धरून ठेवतो. पाऊण इंचाच्या पट्टीत पॅनेलसाठी खाच काढली की सांध्याला जेमतेम अर्धा इंच लाकूड उरतं. उभ्या पट्टीचा पुढे-मागे वाकण्याचा प्रतिकार तिच्या रुंदीच्या प्रमाणात असतो, म्हणजे 60 मिमीची पट्टी 20 ची केली की तो एक तृतीयांश राहतो. आणि शटर तिरपं होऊन गुण्यातून (काटकोनातून) जायचं म्हटलं, तर त्या दिशेचा पट्टीचा ताठपणा रुंदीच्या घनाप्रमाणे घटतो, म्हणजे सत्तावीस पटींनी. पॅनेल खाचेत सैल असेल तर अख्खा भार त्या चार सांध्यांवर. म्हणून बारीक चौकटीत खरं लाकूड वापरायचंच असेल तर मधलं पॅनेल प्लायवूडचं घ्या आणि ते खाचेत गोंदानं पक्कं बसवा. प्लायवूड फुगत-आकसत नाही म्हटलं तरी चालेल इतकं कमी हलतं, त्यामुळं ते चिकटवता येतं आणि शटरचा आकार तेच धरून ठेवतं. अखंड सागवानी पॅनेल मात्र चिकटवायचं नसतं. ते पावसात फुगतं, त्याला हलायला जागा हवी. चुकून चिकटवलं तर ते बारीक चौकट सहज उचकटून टाकतं.

पावसाचा विषय तुमच्यासाठी खास महत्त्वाचा आहे. आपल्या जिल्ह्यात एकच हवा नाही. अथणीला किंवा गोकाकला जे शटर वर्षानुवर्षं सरळ राहील, तेच कणकुंबीला एका पावसाळ्यात पिळेल. मलप्रभा जिथं उगम पावते तो सगळा पट्टा जून ते सप्टेंबर ओलाच असतो, आणि जांबोटी त्याच वाटेवर. चार महिने हवेत पाणी, मग मार्च-एप्रिलला कोरडा वारा. लाकूड धाग्याच्या दिशेनं जवळपास हलत नाही, आडवं मात्र हलतं. म्हणून रंगवलेल्या शटरच्या चारही कोपऱ्यांच्या सांध्यात उन्हाळ्यात केसाएवढी चीर दिसायला लागते. हे रुंद चौकटीतही होतं, उलट रुंद पट्टी जास्त हलते हे कबूल करायला हवं. पण रुंद पट्टीत सांध्याला पकड असते, चीर रंगापुरती राहते. बारीक पट्टीत ती सांध्यापर्यंत जाते आणि पुढच्या पावसात तिथून ओल शिरते.

म्हणून तुमच्या भागात पाच तुकड्यांचं रंगीत शटर मी सुचवणार नाही. अखंड फळी आणि वरून पट्टी, हेच बरं. फळी प्लायवूडची घेणार असाल तर आयएस 710 या भारतीय मानकाचा शिक्का असलेली घ्या. त्या दर्जाला 72 तास उकळत्या पाण्याची कसोटी आहे. फक्त "वॉटरप्रूफ" लिहिलेल्या फळीवर विसंबू नका. रंगाच्या गुळगुळीतपणासाठी एचडीएचएमआर चांगलं, पण त्याची प्रत्येक कड आणि कपाच्या भोकाची आतली बाजूसुद्धा सीलर (ओल अडवणारा लेप) लावून बंद करायला सांगा. भोकात सीलर लावायला कोणी तयार होत नाही, तिथं उभं राहून करून घ्या.

ओट्याच्या सिंकखाली तर बारीक पट्टी चिकटवलेलं शटर नकोच. हात धुतले, भांडी घासली की पाणी ओट्यावरून शटरवर ओघळतं आणि खालच्या आडव्या पट्टीच्या वरच्या कडेवर थांबतं. तिथूनच पट्टी सुटायला लागते. सिंकखाली साधं सपाट शटर त्याच रंगात करा. चौकटीच्या ओळीत एक सपाट शटर विचित्र दिसेल अशी भीती वाटते, प्रत्यक्षात तसं वाटत नाही. दोन सपाट असली तर आणखी जुळून येतं.

रंगाबद्दलही बोलायला हवं, कारण खर्च तिथंच वाढतो. सपाट शटरला लॅमिनेट लावता येतं. ते स्वस्त, टिकाऊ, कुकर आपटला तरी सहसा काही होत नाही. चौकटीच्या शटरला आतल्या पायरीवर लॅमिनेट वळत नाही. पट्टी वेगळी लॅमिनेट करून चिकटवली तर कडेला गडद रेघ दिसते आणि सगळी नजाकत जाते. म्हणजे उरतो पीयू (पॉलियुरेथेन) किंवा ड्युको असा फवारून मारायचा रंग, किंवा दाबून बसवलेला पीव्हीसी फॉइल. फॉइल मला बारीक चौकटीवर अजिबात पटत नाही. आतल्या कोपऱ्यात तो ताणून बसवावा लागतो, आणि चौकटीवर चिकटायला 20 मिमीच जागा. शेगडीशेजारच्या उष्णतेनं तो आधी तिथंच सुटतो.

रंगात अडचण धारदार कडेची आहे. ओला रंग टोकदार कडेवरून मागे सरकतो, तिथं थर पातळ राहतो. 20 मिमीच्या अंतरात बाहेरची एक आणि आतली एक अशा दोन कडा, आणि हंडा, टोप, कुकर यांचा मार नेमका तिथंच बसतो. कडा दीड मिमीपर्यंत गोल करून घ्या. फोटोतल्यासारखी सुरीची धार दिसणार नाही, पण टवके उडणार नाहीत. हा सल्ला ऐकून काहींना वाईट वाटतं. तरी मी तो देतोच.

बसवताना काय होतं तेही लक्षात घ्या. आपल्याकडं भिंत काटकोनात आणि ओटा पातळीत असेलच असं नाही. मिस्त्री सपाट किंवा रुंद चौकटीच्या शटरला जाग्यावर दोन सूत (पाव इंच) रंधा मारून बसवतो, आणि कोणाला कळतही नाही. अडीच इंचातून दोन सूत गेले तर काय मोठं? पाऊण इंचातून दोन सूत गेले तर एक तृतीयांश चौकट गेली, आणि ते दारात उभं राहूनही दिसतं. शिवाय रंग आधीच झालेला असतो. म्हणून बारीक चौकटीचं माप भिंतीला गिलावा, फरशी आणि ओट्याचा दगड सगळं झाल्यावरच घ्यायचं, आणि भिंतीकडेला दीड-दोन इंचाची वेगळी भरणपट्टी ठेवायची. जी काही तासातास करायची ती त्या पट्टीत. घाईत आधी माप देऊ नका.

मुठीचं थोडक्यात सांगतो. गोल मूठ 25-30 मिमीची असेल तर ती चौकटीवर बसत नाही, अर्धी लटकते. पॅनेलवर लावली तर तिथं जाडी कमी, स्क्रू लहान लागतो. बारीक दांड्याची मूठ किंवा शटरच्या वरच्या कडेला बसणारी पट्टीची मूठ घ्या.

तेलकटपणा सगळ्याच चौकटीच्या शटरला येतो, फक्त बारीक चौकटीला नाही. आपल्या फोडण्या, भाकरीचं पीठ, मिरचीचा ठसका, सगळं खालच्या पट्टीच्या पायरीवर साचतं. पायरी 6 ऐवजी 3-4 मिमी ठेवली की फडकं एका हातात फिरतं. बिजागरीसाठीही हेच हवं होतं, त्यामुळं दोन्ही कामं होतात.

वरच्या कपाटांना काच हवी असेल तर मात्र लाकडी बारीक चौकट विसरा आणि ॲल्युमिनियमची घ्या. काच दर मिमी जाडीला चौरस मीटरला अडीच किलो भरते, 4 मिमीची झाली की दहा किलो. ते वजन पाऊण इंची लाकडी सांध्यांवर टाकायचं नाही. ॲल्युमिनियमची 45 मिमी रुंद पट्टी घेतली तर नेहमीची 35 मिमीची बिजागरी बसते. 20 मिमीची घेतली तर त्यासाठीची वेगळी बिजागरी लागते, ती महाग असते आणि बिघडली तर खानापुरात लगेच मिळेल असं नाही, एक जोडी जादा घेऊन ठेवा. टफन काच एकदा तयार झाली की कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही, म्हणून मुठीचं भोक आधीच ठरवा.

इतकं वाचून नको वाटू नये म्हणून सांगतो, ट्रॉलीच्या समोरच्या पट्ट्यांना ही बारीक चौकट रुंद चौकटीपेक्षा खरंच चांगली. पाच-सहा इंच उंचीच्या ड्रॉवरला अडीच इंची चौकट लावली तर मधे काही उरतच नाही. तिथं बिजागरी नाही, वाकायला उंची नाही. मी तुमच्या जागी असतो तर ट्रॉल्या आणि वरची लहान कपाटं बारीक चौकटीत केली असती, आणि सिंकखालचं व उंच कपाट सपाट ठेवलं असतं.

ऑर्डर देताना सगळी शटर्स एकदम सांगू नका. तुमच्या मापाचं एक शटर रंगवून, बिजागरीची भोकं पाडून, मूठ लावून आधी मागवा. समोरून तिरप्या उजेडात फुगवटा दिसतो का बघा, मागून कपाच्या भोकात किती जाडी उरली ते मोजा, सपाट फरशीवर ठेवून चारही कोपरे टेकतात का तपासा. शक्य असेल तर ते पावसाळ्यात महिनाभर घरात ठेवा आणि पुन्हा फरशीवर टेकवून बघा. बाकीच्या शटर्सचा ॲडव्हान्स त्यानंतर द्या.