‘सारखं बदलतो हो मॅडम हा!’

मी करिअर कौन्सेलिंग करते, दहावीचा रिझल्ट लागला की पालकांकडून हा प्रश्न हमखास येतो, मुलगा लहानपणापासून एकच सांगायचा आणि आता भलतंच काहीतरी म्हणतोय, धरसोड वृत्ती तर नाही ना? मागं भुसावळची एक आई मुलाला घेऊन आली होती (ओळख पटू नये म्हणून थोडं इकडचं तिकडं केलंय). आजोबा रेल्वेच्या लोको शेडला (इंजिनं दुरुस्त करतात तिथं) होते, त्यामुळे पोरगं चार वर्षांचं असल्यापासून इंजिन ड्रायव्हरच होणार म्हणायचं, दर वाढदिवसाला केकही इंजिनाचाच. आणि आता म्हणे गणित-कॉम्प्युटर. आई बोलत होती, तो खाली मान घालून चष्मा पुसत होता.

त्या चष्म्यावरनंच मी विचारलं. तर म्हणाला, लोको पायलटच्या, म्हणजे इंजिन ड्रायव्हरच्या मेडिकलला चष्म्याशिवाय ६/६ नजर लागते, माझा नंबर आठवीतच निघाला. घरी बोलला नव्हता.

बदलणं तसं नॉर्मलच आहे. एली गिन्झबर्ग या अमेरिकन अभ्यासकानं १९५१ मध्येच मांडलं होतं की साधारण ११ वर्षांपर्यंत नुसता कल्पनेचा खेळ, मग १७ पर्यंत आवड, कुवत चाचपणं, आणि त्यानंतर कुठं वास्तवाशी गाठ. पुढं तर त्यांनीच म्हटलं की हे आयुष्यभर चालतं. पण हे सांगून आईची काळजी थोडीच जाते!

मग मी पोराला विचारलं, स्टेशनच्या पुलावर तासन् तास काय बघायचास, इंजिन? ‘नाही मॅडम, गीतांजली एक्स्प्रेस लेट झाली की कुठली गाडी थांबवतात ते.’ एक लाइन खांडव्याकडं, एक अकोल्याकडं, मधे मालगाड्या, कुणाला आधी सोडलं ते हा वहीत लिहायचा, चार वह्या भरल्यात! अहो हे गणितच की, असे निर्णय गणितानं कसे घ्यायचे यावर ऑपरेशन्स रिसर्च नावाचा अख्खा विषय आहे. त्याला ते नावही माहीत नव्हतं.

सगळ्यांचं असं जुळतं असं नाही हां, काहींचं वेड नुसतंच विरून जातं, तिथं उगाच उकरत बसू नये.

आईनं हळूच विचारलं, ‘म्हणजे इंजिनाचं सोडलंसच का रे?’

‘आई, ते आठवीतच सोडलंय मी. केक तूच आणायचीस.’

पुढचं सेशन मी एकट्या आईचं ठेवलं.